आधी साखळी, मग शेजार

सोमवार, ४ डिसेंबर

ताई,

चार स्क्रू निघाले, पाचवा फिरेना. त्याची खाच कुणीतरी आधीच घासून गुळगुळीत केली होती. कुणीतरी म्हणजे मीच असणार. मध्ये रबराचा तुकडा धरून दाबला तेव्हा तो कुरकुरत सुटला. झाकण उचललं. पंख्याच्या तोंडाशी एक बोळा बसला होता. हिरवा.

चिमट्याने ओढला तर अख्खा आला. दाबून दाबून त्याची वडी झाली होती. एका बाजूला जाळीचे ठसे होते. धूळ अशी नसते. ही लोकर आहे.

कुठली, ते तुला सांगायला नको.

हे आपलं जुनं यंत्र, तो जाडजूड लॅपटॉप. नऊ वर्षं कपाटात पडून होतं. मास्तरचा फोन आला म्हणून बाहेर काढलं. मास्तर अजून लायब्ररीची मोट बांधून आहे. तीस-चाळीस माणसं तिच्यात कोड लिहितात, हजारो लोक तो कोड आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरतात, आणि सगळ्यांची भांडणं त्याच्या दारात. आवाज तसाच आहे, वरच्या पट्टीतला.

“नवी आवृत्ती पंधरा तारखेला,” तो म्हणाला. “साफसफाई चाललीय. शेजार काढून टाकतोय.”

“ताईचा शेजार?” मी विचारलं.

“नऊ वर्षं त्याच्यावर ‘हळू’ अशी पाटी आहे. कोण हात लावणार त्याला? तू फक्त एक कर. त्याच जुन्या यंत्रावर शेवटचं एकदा मोजून दे. आकडे तुझ्या अहवालाला जोडतो आणि विषय मिटवतो.”

“माहीत आहे ते काय मोजायचं?”

“अरे, माणूस गेलेला समोर दिसतो, तरी डॉक्टरचा दाखला लागतोच ना? तू डॉक्टर.”

आपल्या विनोदाला तो स्वतःच हसला. मी बरं म्हणालो.

यंत्र सुरू केलं तर पंखा किंचाळायला लागला, म्हणून उघडलं. बोळा काढल्यावर गप्प झाला. मग आपली तीच फेरी चालवली. दहा लाख नोंदी हॅश टेबलमध्ये भरायच्या, एकदा माझ्या पद्धतीने, एकदा तुझ्या, मग एकेक शोधायची, आणि एका शोधाला किती वेळ लागला ते लिहायचं. नऊ वर्षांपूर्वीच्या अहवालात माझ्या साखळीचे बासष्ट नॅनोसेकंद आहेत, तुझ्या शेजारचे चौऱ्याहत्तर. एकोणीस टक्के हळू. हे तीन शब्द लोक माझ्या नावासकट पाठ म्हणतात.

आज साखळीला एकसष्ट लागले. शेजारला साठ.

तीनदा चालवलं. तेच.

मेल पाठवत नाही, कारण माझी मेल तू न उघडता पुसतेस. कागद फाडायला तरी हातात घ्यावा लागतो. पत्ता, तू सामान नेलंस तेव्हा टेम्पोवाल्यासाठी लिहिलेल्या चिठ्ठीवरचा. चिठ्ठी फ्रिजवर राहिली होती. अजून आहे.

ही गोष्ट मला आज कळली. ती तुला कळवावी, एवढ्यासाठीच हे पत्र.

बारक्या

बुधवार, ६ डिसेंबर

ताई,

बोळा परत आत घातला. जसा निघाला होता तसाच, ठसे जाळीला जुळवून. दुसरा इलाज नव्हता. नुसतं बोळा निघाला आणि आकडे बदलले, असं म्हणून भागत नाही. बोळा घातल्यावर ते पुन्हा बिघडले पाहिजेत.

आधी साखळी, मग शेजार, जुन्या क्रमाने: बासष्ट आणि त्र्याहत्तर.

क्रम उलटा केला. आधी शेजार, मग साखळी. शेजार साठ. साखळी पंचाहत्तर.

यंत्र तापलं की स्वतःला जपतं, चाल कमी करतं. हे कुणालाही माहीत असतं, मलाही होतं. पहिली नऊ मिनिटं निभतात. मग दम लागतो. जो दुसरा येईल तो हळू. आपल्याकडे दुसरं नेहमी तुझं असायचं.

का असायचं तेही आठवलं. सकाळी नऊला तू बाबांचं अंग पुसायला पाणी तापवायला जायचीस. मी खुर्चीतच असायचो. म्हणून आधी साखळी. दोन-चार दिवसांत मी तो क्रम स्क्रिप्टमध्येच लिहून टाकला, आणि मग तू खोलीत असलीस तरी आधी साखळी.

तू बाबांना हॅश टेबल समजावलं होतंस ते परवापासून डोक्यात आहे. ते पलंगावर, पाठीशी दोन उशा, पांघरूण गळ्यापर्यंत.

“तुम्ही दोघं दिवसभर मोजता तरी काय?”

“तुमचं सामानघर,” तू म्हणालीस.

चौतीस वर्षं बाबांनी स्टेशनच्या सामानघरात काढली. शंभर फळ्या. पावतीचे शेवटचे दोन आकडे म्हणजे फळीचा नंबर. प्रवाशाने पावती दाखवली की बाबांचा हात सरळ त्या फळीवर. शोधणं असं नाहीच.

“आणि त्या फळीवर आधीच कुणाची बॅग असली तर?” तू विचारलंस.

“तर शेजारच्या फळीवर. तीही भरलेली असली तर तिच्या शेजारच्या. त्यात काय शिकायचंय?”

“मी तेच लिहिलंय, बाबा. नावही शेजार ठेवलंय.”

“आणि हा बारक्या?”

“तो एकाच फळीवर बॅगेला बॅग बांधत जातो. त्याची साखळी.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. “अरे, मग खालची ओढली की वरच्या डोक्यात पडतील.”

“कॉम्प्युटरमध्ये पडत नाहीत, बाबा.”

“मग ठीक आहे. आमच्यात पडायच्या.”

तू तोंडावर पदर धरून हसलीस. मला तेव्हा खरंच राग आला होता, हे तुला माहीत नसेल. एका बाजूला तुझ्या टेबलात बाबांची चौतीस वर्षं. माझ्याकडे पुस्तकातली युक्ती.

मास्तरला अजून सांगितलेलं नाही. पंधरा तारीख लांब आहे. नीट, सगळं मोजून सांगावं असं वाटतं.

बारक्या

शनिवार, ९ डिसेंबर

ताई,

दुपारी चादरी घेऊन खाली लॉन्ड्रीत गेलो. लॉन्ड्रीवालीला किती नग आहेत ते सांगायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. परवापासून बोललोच नव्हतो. ती म्हणाली, “सर्दी झालीय का?” मी मान हलवली. सोपं पडलं.

काम घरूनच असतं. मोजमाप चालू असताना दुसरं काही चालू ठेवायचं नाही, हा आपला नियम मी अजून पाळतो. फोन बंद, रेडिओ बंद, खिडकी बंद. यंत्राला हात लावायचा नाही. अठरा मिनिटं खुर्चीत बसायचं आणि समोरच्या भिंतीवरचे पाइप बघायचे. पूर्वी अशा वेळी आपण कुजबुजत भांडायचो. मी एकटाच असलो तरी अजून हळूच चालतो, ते आता लक्षात आलं.

बाबांचा पलंग तिथेच आहे. त्याच्यावर कपडे वाळत घालतो.

परवा मास्तरशी बोललो, तेच शेवटचं. सांगणार होतो.

“झालं का मोजून?”

“यंत्र बिघडलंय,” मी म्हणालो.

“मग नव्या यंत्रावर मोज. एवढं काय?”

“नव्यावर मोजून जुन्या अहवालाला जोडता येत नाही.”

“तुझं हे सोवळेपण! बरं, मग न मोजता काढून टाकतो. तुझा अहवाल आहेच की. काळ्या दगडावरची रेघ.”

मी फोन ठेवला. म्हणजे मी गप्प राहिलो तरी शेजार जाणार. आता गप्प राहणं हीसुद्धा एक सही.

सोमवारी तुला लिहिलं होतं की मला हे त्याच दिवशी कळलं. ते खरं नाही.

तीन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने मला लिहिलं होतं. कुठल्या तरी दूरच्या कॉलेजातली. तिने तुझा शेजार आणि माझी साखळी तिच्या यंत्रावर मोजली होती, अहवालातल्या सगळ्या पायऱ्या जशाच्या तशा करून. तिला फरक सापडत नव्हता. ‘माझं काय चुकतंय ते कृपया सांगाल का?’ असं तिने विचारलं होतं. ‘सर’ असं तीन वेळा लिहिलं होतं. सोबत आकड्यांचं पान होतं, स्वच्छ. तिने क्रम आलटून पालटून घेतला होता. कुणी न सांगता.

मी तिला उत्तर दिलं. ‘आपल्या यंत्रात दोष असावा. मोजमाप ही संयमाची गोष्ट आहे.’ दुसरं वाक्य मी माझ्या भाषणांतही वापरतो. मी भाषणं देतो, ताई. मोजमाप कसं करावं आणि अहवाल कसा लिहावा, या विषयावर. नोकरीही त्याच अहवालामुळे लागली. मुलाखतीत त्यांनी तो छापून समोर ठेवला होता.

उत्तरादाखल एकच ओळ आली, मग तिचं पत्र नाही. तिने आभार मानले होते.

आज नव्या यंत्रावर दोन्ही टेबलं चालवली. लहान आकारात साखळी दोन टक्के पुढे. मोठ्या आकारात शेजार सहा टक्के पुढे. तुझं सगळीकडे सरस असतं तर लिहायला बरं झालं असतं. तसं नाही. आहे ते असं आहे.

बारक्या

मंगळवार, १२ डिसेंबर

ताई,

वही सापडली. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, जिच्यात आपण रोजचे आकडे लिहायचो. डावीकडे तुझं अक्षर, उजवीकडे माझं. काही पानांवर औषधाच्या वेळाही आहेत, कारण हाताशी दुसरा कागद नसायचा. ‘साखळी ६१’ आणि त्याखाली ‘अर्धी गोळी, पाण्याबरोबर’.

पहिल्या चार दिवसांचे आकडे सारखे आहेत. एकसष्ट-साठ, बासष्ट-साठ, एकसष्ट-एकसष्ट, बासष्ट-साठ. पाचव्या दिवसापासून तुझे चढत जातात. सहासष्ट, एकोणसत्तर, बहात्तर, चौऱ्याहत्तर.

ते चार दिवस अहवालात नाहीत. तळटीप आहे: ‘सुरुवातीचे मोजमाप स्थिर नसल्याने वगळले.’ ती टीप मी लिहिली. तू विचारलं होतंस, कुठले चार दिवस? मी म्हणालो, सरावाचे. तू बाबांना भरवत होतीस. चमचा तसाच धरून तू माझ्याकडे बघितलंस आणि मग पुढचा घास दिलास.

आता राहिलेलं लिहितो. तीन पत्रं झाली, ते टाळतोय.

पाचव्या दिवसापासून थंडी वाढली होती. तू आत पाणी तापवत होतीस. माझी साखळीची फेरी संपली होती आणि शेजारची सुरू करायची होती. बाबा म्हणाले, “बारक्या, पाय दगड झालेत रे. ती तुझी शेगडी दे जरा इकडे.”

शेगडी म्हणजे यंत्र. नऊ मिनिटं चालून त्याचं पोट गरम झालेलं असायचं. मी ते उचलून त्यांच्या पायांशी ठेवलं आणि वरून पांघरूण घातलं. पाच मिनिटं. त्यांनी डोळे मिटले. मग काढून टेबलावर आणलं आणि तुझी फेरी सुरू केली.

दुसऱ्या दिवशीही. मग रोज, कधी तुझी फेरी संपल्यावरही, तू आत असताना. फेरी चालू असताना हात लावला नाही, नियम पाळला. दोन फेऱ्यांच्या मध्ये लावला. तसा नियम आपण केलाच नव्हता.

तू बादली घेऊन यायचीस तोवर यंत्र टेबलावर असायचं.

पांघरुणाची लोकर जाळीत जात राहिली. ते मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण यंत्र तुझ्या वेळेला माझ्या हातांना चटके देत होतं. आणि एक दिवस बाबा म्हणाले,

“आत्ता नको. ताईचं झालं की दे.”

“का?”

“तिचं झाल्यावर चांगलं भाजतं. तुझ्याने नुसतं कोमट होतं.” आणि हसत, “ऐकलंस का बारक्या? तुझं आपलं कोमट.”

मीही हसलो. तू आतून विचारलंस, काय झालं हसायला? मी म्हणालो, काही नाही, बाबा शेगडीबद्दल बोलतायत.

ताई, बाबांनी मोजलं होतं. पायांनी. मी ते ऐकलं, आणि मला कळलं. पूर्ण कळलं नसेल, पण जेवढं कळायला पाहिजे तेवढं कळलं. त्याच दिवशी संध्याकाळी मी तळटीप लिहिली.

मग ती बैठक. मास्तर, बाकीचे बारा-तेरा जण, लांबट टेबल. मी आकडे वाचले. तू एवढंच म्हणालीस, “एकदा क्रम उलटा करून बघ. आधी माझं चालव.” आवाज चढवला नाहीस. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, “हरल्यावर डाव मोडायचा नाही, ताई.”

सगळे हसले. मास्तर तर टेबलावर थाप मारून. तू पाण्याचा पेला उचललास आणि न पिता ठेवलास.

आपण घरी आलो. आल्यावर बाबांनी विचारलं, “काय, कुणाची बॅग आधी सापडली?” तू म्हणालीस, “बारक्याची.” ते म्हणाले, “सापडली ना? मग झालं.”

त्यानंतर पाच आठवडे बाबा होते. तू त्यांचं सगळं केलंस. माझं ताटही वाढलंस. मग टेम्पो आला.

तू अहवालावरून गेलीस असं मी लोकांना सांगत आलो. ताई हट्टी आहे, हार पचली नाही. लोकांना ते पटतं. मला एवढंच विचारायचं असतं, आणि ते मी विचारत नाही: तुला तेव्हाच माहीत होतं का? बादली घेऊन येताना कधी तुला पांघरूण हललेलं दिसलं का? आणि दिसलं असलं, तर बाबांचे पाय गरम राहावेत म्हणून तू गप्प बसलीस का?

बारक्या

शुक्रवार, १५ डिसेंबर

ताई,

अहवाल दिला. सकाळी साडेअकराला सगळ्यांना दिसेल असा चढवला. जुन्याच्या जागी नवा. जुना पुसला नाही, खाली ठेवला, वर लिहिलं: ‘हा चुकीचा आहे. कारण वाचा.’

कारण असं लिहिलं आहे. दोन्ही टेबलं नेहमी एकाच क्रमाने मोजली. पंख्याच्या वाटेत लोकरीचा बोळा होता. दोन फेऱ्यांच्या मध्ये यंत्र झाकून ठेवलं जात होतं. पहिले चार दिवस आकडे सारखे होते आणि मोजणाऱ्याने ते जाणूनबुजून वगळले. क्रम उलटा करून बघण्याची सूचना बैठकीत झाली होती, ती मोजणाऱ्याने मानली नाही. मोजणारा म्हणजे मी, हेही लिहिलं आहे, नावानिशी.

‘मोजणाऱ्याकडून वगळले गेले’ असं आधी लिहिलं होतं. वाचून पाहिलं आणि बदललं.

विद्यार्थिनीचं नाव घालून तिचे आकडे बरोबर होते असं लिहिलं. तिलाही वेगळं कळवलं.

मास्तरचा फोन पंधरा मिनिटांत आला.

“हे काय आहे?”

“अहवाल.”

“अरे, तो बोळा-बिळा ठीक आहे. यंत्र आहे, कचरा बसतो. पण ते चार दिवस? ते कशाला लिहिलंस? कुणी विचारलं होतं?”

“ताईने विचारलं होतं.”

मागे त्याच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं.

“तुला कळतंय ना, यापुढे तुझा आकडा कुणी घेणार नाही?”

“हो.”

“शेजार राहील,” तो म्हणाला. “पाटी काढतो. तेवढं मी करू शकतो.” मग आवाज खाली आणून, “त्या दिवशी मीही हसलो होतो, नाही का रे?”

“सगळेच हसले.”

“मी टेबलावर थाप मारली होती.”

“हो.”

“बोलतोस का तिच्याशी?”

“पत्रं टाकतोय.”

“पत्रं!” तो म्हणाला. “या काळात!” आणि ठेवला.

नोकरीच्या ठिकाणी सोमवारी बोलावलं आहे. काय होईल ते होईल. पुढच्या महिन्यातलं भाषण मीच रद्द केलं.

मग काही करायला नव्हतं. दुपारभर खुर्चीत बसलो. कुठलंच मोजमाप चालू नव्हतं, तरी उठून खिडकी उघडायला हात धजेना. शेवटी उघडली. गार वारा आला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. पलंगावरचे कपडे वाळले होते, घड्या घालून कपाटात ठेवले. पलंग बऱ्याच दिवसांनी रिकामा दिसला.

ही पत्रं तुला पोचली की नाही मला माहीत नाही. पत्ता नऊ वर्षांपूर्वीचा. एखादा अनोळखी माणूस ती उघडून वाचत असेल आणि त्याला वाटत असेल, काय हे बहीण-भाऊ, आणि काय हे नॅनोसेकंद.

एक गोष्ट अहवालात घातली नाही. यंत्र कशाने झाकलं जात होतं आणि कशासाठी. ती घरातली गोष्ट आहे असं मनाला समजावलं. लोकांनी बाबांच्या नावाने माझी चूक माफ करू नये, असंही समजावलं. दोन्हींतलं खरं कुठलं ते कळत नाही. तिसरंच काही असेल.

बोळा काचेच्या बरणीत ठेवला आहे.

बारक्या

शनिवार, १६ डिसेंबर, सकाळ

ताई,

सात वाजता यंत्र उघडलं. अहवालाखाली चौदा प्रतिक्रिया होत्या. बारा लोकांनी मला जे म्हणायला हवं ते म्हटलं आहे. तेरावी विद्यार्थिनीची, एका ओळीची. चौदावी तुझ्या जुन्या खात्यावरून. नऊ वर्षांत त्यावरून काही आलं नव्हतं. तीन ओळी आहेत.

‘खोलीचे तापमान दिलेले नाही.
बोळ्याचे वजन दिलेले नाही.
लोकर कशाची, ते लिहिलेले नाही. लिहावे.’

वहीत बघितलं, तेव्हा खोलीत सोळा अंश होते. बोळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर त्याने शून्य दाखवलं. बरणी घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. त्यांच्याकडे बारीक वजनाचा काटा आहे. दुकानदाराने कागद ठेवून त्याच्यावर बोळा ठेवला आणि आकडा स्थिर होईपर्यंत आम्ही दोघं थांबलो. दोन पूर्णांक एक ग्रॅम. “काय आहे हे?” त्याने विचारलं. मी सांगितलं.

घरी येऊन अहवालात तिन्ही गोष्टी घातल्या. तापमान सोळा अंश. वजन दोन पूर्णांक एक ग्रॅम. लोकर वडिलांच्या पांघरुणाची. दोन फेऱ्यांच्या मध्ये त्यांचे पाय शेकायला यंत्र त्याखाली ठेवत होतो.

नऊ वाजून दहा मिनिटांनी चढवला.

बारक्या